आगामी आकर्षण : ट्रेलरमधील उत्कंठेची घडण

प्रस्तावना

चित्रपटाच्या अगोदर लोकांपुढे येणारी, चित्रपटाच्याच द्रव्यातून घडविलेली आणि तरीही सर्वस्वी स्वतःच्या नियमांनी चालणारी जी एक अल्पाकृती गेली शंभराहून अधिक वर्षे चित्रपटगृहांत, मागाहून दूरचित्रवाणीवर आणि आता प्रत्येकाच्या हातातील मोबाइलवर नांदत आली आहे, ती म्हणजे ट्रेलर. मूळ चित्रपट पाहणाऱ्यांहून त्याचा ट्रेलर पाहणाऱ्यांची संख्या बहुधा मोठी असते. चित्रपट पाहावा की न पाहावा याचा निर्णय पुष्कळदा त्याच दोन-अडीच मिनिटांत होतो. आणि कित्येक चित्रपट विस्मृतीत गेले तरी त्यांच्या ट्रेलरमधील एखादे दृश्य, एखादा ध्वनी मनात घर करून राहतो. असे असूनही आपल्या समीक्षेने या प्रकाराकडे बाजारातील एक जाहिरात एवढ्याच दृष्टीने पाहिले, आणि ज्या कारागिरीने आपले चित्त इतक्या वेळा वेठीस धरले तिची साधी विचारपूसही फारशी केली नाही. ती विचारपूस करावी, एवढ्यासाठी प्रस्तुत ग्रंथ लिहिला आहे.

ग्रंथाचा मूळ प्रश्न साधा आहे. कादंबरी वाचताना किंवा पूर्ण लांबीचा चित्रपट पाहताना जेव्हा आपला जीव टांगणीला लागतो, तेव्हा त्यामागे सहवासाचा काही काळ गेलेला असतो. पात्रांचे स्वभाव, त्यांची दुःखे, त्यांच्या चुका आपल्या परिचयाच्या झालेल्या असतात, आणि म्हणून त्यांच्यावरील संकट हे आपल्या माणसावरील संकट वाटते. ट्रेलरला ही सवड नसते. मग जिचे नावही आपल्याला ठाऊक नाही अशी एखादी स्त्री अंधाऱ्या तळघराच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवते, तेव्हा आपला श्वास का अडखळतो? आमचे उत्तर असे की ट्रेलर भय निर्माण करीत नाही. पूर्वी पाहिलेल्या शेकडो चित्रपटांनी प्रेक्षकाच्या मनात जे भय, जी हुरहुर, जे कुतूहल साठवून ठेवलेले असते, त्याला तो चित्रप्रकाराच्या संकेतांनी हाक मारतो, आणि ते कोणत्या क्षणी उसळावे व कोणत्या क्षणी अडून राहावे याचा हुकूम संकलनाकडून सुटतो. संकेत हे भांडवल आणि संकलन ही त्याची विनियोगाची कला. या दोहोंच्या संयोगातून उत्कंठा घडते, हा या ग्रंथाचा सिद्धांत आहे.

आपल्याकडील नाट्यविचाराला ही समस्या अपरिचित नव्हती. प्रयोगाच्या आरंभी कवीची व काव्याची प्रशंसा करून प्रेक्षकांना उन्मुख करणाऱ्या प्ररोचनेला नाट्यशास्त्राने रीतसर स्थान दिले आणि औत्सुक्याची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केली. त्याहून मोलाचे म्हणजे आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या ज्या पाच अवस्थांतून कथावस्तू जाते असे आपले शास्त्रकार सांगतात, त्या अवस्थांच्या मोजपट्टीने ट्रेलरचे मर्म नेमके सांगता येते. फळ मिळेल असे वाटावे आणि न मिळण्याची धास्तीही सुटू नये, ती प्राप्त्याशेची अवस्था. उत्तम ट्रेलर तेथपर्यंत धावत येतो आणि तेथेच पाय रोवून उभा राहतो. जो त्यापुढे नियताप्तीत शिरतो, त्याने चित्रपटाची ठेव चित्रपटाआधीच मोडलेली असते.

ट्रेलरचा इतिहास सामान्यतः 1913 पासून सांगतात. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये लो यांच्या चित्रपटगृहांच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या निल्स ग्रॅनलंड यांनी 'द प्लेझर सीकर्स' या ब्रॉडवेवरील संगीतिकेची एक लहानशी प्रचारफीत पडद्यावर दाखविली. आणि वर्षाच्या अगदी अखेरीस 'द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन' हा मालिकापट सुरू झाला, ज्याने नायिकेला संकटात सोडून पुढील भागाची वाट पाहायला लावण्याची युक्ती रूढ केली. योगायोग असा की त्याच 1913 च्या मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि त्याची जाहिरात करताना दादासाहेबांनी सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीची फीत आणि अवघ्या तीन आण्यांचे तिकीट अशा हिशेबी आकड्यांनी लोकांना आकर्षित केल्याचे प्रसिद्ध आहे. त्या काळी सर्वत्र अद्भुताचे माप सांगून प्रेक्षक बोलावले जात. पुढे काय होणार, हा प्रश्न मनात रुजवून बोलावण्याची विद्या मालिकापटांच्या शाळेत हळूहळू शिकली गेली.

1919 साली न्यूयॉर्कमध्ये नॅशनल स्क्रीन सर्व्हिस ही संस्था स्थापन झाली, आणि पुढील कित्येक दशके बहुतेक सर्व बड्या अमेरिकन स्टुडिओंच्या ट्रेलरचा जणू मक्ता तिच्याकडे राहिला. त्या काळातील ट्रेलरचा थाट दवंडीचा होता. पडद्यावरून सरकत जाणारी भव्य अक्षरे, अतिशयोक्तीची विशेषणे, नटनटींची नावे आणि मागे दुमदुमणारा वाद्यवृंद यांतून एवढेच सांगितले जाई की असे कधी झाले नाही आणि होणार नाही. त्यात रोमांच होता, परंतु ताण नव्हता. कारण ताणाला काहीतरी राखून ठेवावे लागते, आणि दवंडीला राखून ठेवणे ठाऊक नसते.

ही चौकट प्रथम दिग्दर्शकांनीच मोडली. 'सिटिझन केन'च्या ट्रेलरमध्ये ऑर्सन वेल्स यांनी मूळ चित्रपटातील एकही दृश्य न दाखविता केवळ आपल्या आवाजाने नटांची ओळख करून दिली, आणि केन या माणसाविषयी परस्परविरुद्ध मते ऐकवून तो कोण होता हा प्रश्न तेवढा मागे ठेवला. 1960 साली आल्फ्रेड हिचकॉक यांनी 'सायको'साठी सहा मिनिटांहून अधिक लांबीचा ट्रेलर केला, त्यात ते स्वतः एखाद्या स्थळदर्शकाच्या शांतपणाने मोटेल आणि त्यामागील घर दाखवीत हिंडतात, प्रत्येक खोलीत काय घडले ते सांगू लागतात आणि वाक्य अर्धवट सोडून पुढे चालू लागतात. अखेर न्हाणीघराचा पडदा बाजूला होतो आणि किंकाळी फोडणाऱ्या स्त्रीचा चेहरा क्षणभर दिसतो. तो चेहरा चित्रपटातील जॅनेट ली यांचा नसून केशटोप घातलेल्या व्हेरा माइल्स यांचा आहे. येथे संकलन फार थोडे आहे; उत्कंठा अपुऱ्या वाक्यांनी साधली आहे, आणि अर्धे सांगून थांबणे हाच ट्रेलरचा पहिला अलंकार आहे हे तेथे सिद्ध झाले.

याच दशकात ट्रेलरला स्वतःचा वेग सापडला. 1964 च्या 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'साठी पाब्लो फेरो यांनी एकेक शब्द आणि एकेक चित्र डोळ्यांवर आदळत जाईल अशी रचना केली. त्याच वर्षी 'द नाइट ऑफ द इग्वाना'च्या ट्रेलरमध्ये अँड्र्यू क्यून यांनी तीव्र कृष्णधवल दृश्ये, तुटक कट आणि जेम्स अर्ल जोन्स यांचा आवाज यांची सांगड घातली. क्यून यांनी 1968 मध्ये कॅलिडोस्कोप ही संस्था काढली, आणि ट्रेलर हे केवळ ट्रेलरचेच काम करणाऱ्या स्वतंत्र कारखान्यांचे उत्पादन झाले. 1975 च्या 'जॉज'ने दूरचित्रवाणीवरील लहान जाहिरातींचा मारा करून एकाच वेळी देशभर प्रदर्शन करण्याची रीत पक्की केली. मागाहून डॉन लाफाँटेन यांचा गंभीर आवाज या विद्येचा जणू अधिकृत निवेदक झाला. 2008 साली त्यांचे निधन झाले तोवर त्यांनी पाच हजारांहून अधिक ट्रेलरना आवाज दिला होता. नव्या शतकात निवेदक मागे पडला आणि त्याची जागा पात्रांच्या संवादांनी, मध्येच झळकणाऱ्या शब्दपट्ट्यांनी व संगीताने घेतली.

येथवरचा वृत्तांत बाहेरून दिसणारा झाला. कारागिरी आतून पाहावयाची तर दोन नमुने जवळून न्याहाळणे उपयुक्त ठरेल. पहिला 1979 च्या 'एलियन'चा. त्यात एकही संवाद नाही, निवेदक नाही. आरंभी कॅमेरा खडबडीत, ओळखू न येणाऱ्या पृष्ठभागावरून संथपणे सरकतो, आणि शीर्षकाची अक्षरे एकेका रेघेने, वाचता येतील न येतील अशी जुळू लागतात. मग एक अंडे दिसते. हे अंडे चित्रपटातील अंड्यांसारखे नाही, ते आपल्या नित्य परिचयाच्या अंड्याच्या घाटाचे आहे, आणि म्हणूनच त्याला तडा जाऊन आतून प्रकाश झिरपू लागतो तेव्हा मन चरकते. तेथून भोंग्यासारखा एक कर्कश आक्रोश सुरू होतो. अरुंद बोळांतून धावणारी माणसे, घामेजलेले चेहरे, लुकलुकणारे दिवे यांचे तुकडे इतक्या झपाट्याने येतात की कोण कोणापासून पळत आहे हे कळण्यापूर्वी पुढचा तुकडा आलेला असतो. शेवटी सगळे ध्वनी एकदम तुटतात, आणि अवकाशात किंकाळी कोणालाही ऐकू येत नाही अशा आशयाची एक ओळ निःशब्द पडद्यावर उमटते. ज्या शांततेविषयी ती ओळ बोलते तीच शांतता त्या क्षणी चित्रपटगृहात पसरलेली असते. प्राणी कसा आहे हे आपल्याला कळलेले नाही. आपल्याला केवळ पळणाऱ्यांचे चेहरे दिले आहेत, आणि उरलेले काम आपल्या कल्पनेवर सोपविले आहे.

दुसरा नमुना अगदी उलट प्रकृतीचा आहे. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या 'द शायनिंग'च्या (1980) पहिल्या टीझरमध्ये कट नाहीच. एका हॉटेलातील उद्वाहकाची दोन बंद दारे समोर आहेत, कॅमेरा जागचा हलत नाही, नटांची व लेखकाची नावे खालून वर सरकत जातात, आणि पार्श्वभूमीचा कर्णकटू ध्वनी क्रमाक्रमाने चढत जातो. बराच वेळ काहीही घडत नाही. मग दाराच्या फटीतून रक्ताचा लोंढा फुटतो, भिंतींवर आपटतो, आसने तरंगू लागतात आणि अखेर कॅमेऱ्याची काचच लाल अंधाराने माखते. संकलनाच्या ग्रंथात हा नमुना का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की कट करणे हे जसे संकलन आहे तसेच कट न करणे हेही संकलन आहे, आणि प्रेक्षकाला नजर चुकविण्याची मुभा न देणे हा त्यातील सर्वांत कठोर प्रकार आहे. वेग वाढवून ताण निर्माण करता येतो, तसा वेग नाकारूनही करता येतो.

या दोन टोकांच्या दरम्यान आजच्या रूढ ट्रेलरचा आराखडा बसतो. आरंभी एक निवांत जग दाखवावयाचे. मग एक विघ्न आणावयाचे. मग परिणामांची गर्दी उडवून द्यावयाची. तिच्या ऐन शिगेला आवाज तोडून एखादे वाक्य, एखादा श्वास एकाकी ठेवावयाचा. त्यानंतर शीर्षकाचा आघात. आणि शीर्षकानंतर, प्रेक्षकाने निःश्वास सोडला असे पाहून, आणखी एक लहानसा धक्का किंवा विनोद, ज्याला या धंद्यात बटन म्हणतात. यातील प्रत्येक सांध्यावर ध्वनीची राखण असते. चढत जाणाऱ्या स्वराला रायझर म्हणतात. तो वर जात असताना काहीतरी फुटणार अशी शरीराची खात्री होते, आणि संकलक तो फुटण्याच्या क्षणी काळा पडदा आणि शांतता ठेवतो, म्हणजे देणे लागत असलेला आघात अर्ध्या क्षणासाठी थकीत राहतो. याच अर्ध्या क्षणात उत्कंठा वसते. 2010 च्या 'इन्सेप्शन'च्या प्रसिद्धीतून पितळी वाद्यांचा जो प्रचंड घुमारा जगभर पसरला, तो पुढे इतक्या ट्रेलरनी उचलला की त्याचे बळ ओसरले. संकेत रूढ झाला की त्याची धार बोथट होते हा नियम येथेही चुकला नाही.

संवादाची हाताळणी हे संकलकाचे त्याहून सूक्ष्म शस्त्र आहे. एका प्रसंगातील वाक्य दुसऱ्या प्रसंगातील चेहऱ्यावर ठेवले की मूळ चित्रपटात नसलेला अर्थ जन्मास येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात लेव कुलेशोव्ह यांनी अभिनेत्याचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या ताटलीशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडून दाखविले की प्रेक्षक त्या चेहऱ्यावर भूक आणि शोक आपल्या पदरचे वाचतात. ट्रेलर हा त्या प्रयोगाचा रोजचा व्यवहार आहे. आइझेन्स्टाइन यांनी 'बॅटलशिप पोटेम्किन'मध्ये (1925) पायऱ्यांवरील संहाराचा काळ तुकड्यातुकड्यांनी लांबविला, आणि हिचकॉक यांनी टेबलाखालील बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवून ठेवण्यात उत्कंठा कशी असते ते समजावून दिले. ट्रेलरने हे दोन्ही धडे गिरवले. फरक इतकाच की चित्रपटात तो बॉम्ब दिग्दर्शकाला दाखवावा लागतो, ट्रेलरमध्ये तो चित्रप्रकाराने आधीच ठेवून दिलेला असतो. रात्री वाजणारा फोन, उघडे राहिलेले दार, खाली वाकून आरशासमोर परत उभी राहणारी व्यक्ती, लहान मुलाच्या आवाजातील अंगाई: यांपैकी काहीही दिसताच भयपटाचा सारा कायदा आपल्याला तोंडपाठ असल्याप्रमाणे आठवतो, आणि पुढील क्षणाची धास्ती आपण स्वतःच पुरवितो.

हे केवळ अनुमान नव्हे, याचा पडताळा प्रत्यक्ष घेतला गेला आहे. 2005 साली न्यूयॉर्कमधील एका साहाय्यक संकलकाने 'द शायनिंग'चेच तुकडे निवडून, प्रसन्न निवेदन व उत्साही गाणे घालून, बापलेकांच्या जिव्हाळ्याचा कौटुंबिक चित्रपट वाटावा असा ट्रेलर रचला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कोणी 'मेरी पॉपिन्स' या बालप्रिय संगीतपटातून अंगावर काटा आणणारा भयपट उभा केला. एकही नवी चौकट चित्रित झाली नव्हती. शितावरून भाताची परीक्षा हा न्याय ट्रेलरला लागू पडत नाही, हे या दोन प्रयोगांनी निर्विवाद दाखविले. हे शीत वेगळ्या चुलीवर शिजविलेले असते.

या विषयाच्या अभ्यासाचेही आता संप्रदाय झाले आहेत. जर्मन भाषेत व्हिन्झेंझ हेडिगर यांनी 2001 मध्ये अमेरिकन ट्रेलरचा विस्तृत इतिहास मांडला. लिसा कर्नन यांनी 2004 च्या आपल्या ग्रंथात ट्रेलरच्या आर्जवाचे तीन मार्ग सांगितले: चित्रप्रकाराचा, कथेचा आणि ताऱ्यांचा. प्रत्येक ट्रेलर प्रेक्षकाला काय आवडते याविषयीचे एक गृहीतक असते, हे त्यांचे प्रतिपादन पुढील सर्व चर्चेचा पाया ठरले. कीथ जॉन्स्टन यांनी 2009 मध्ये तंत्रज्ञानाच्या अंगाने विचार करून, रुंद पडदा, दूरचित्रवाणी, संगणक अशा प्रत्येक स्थित्यंतराने ट्रेलरचे रूप कसे पालटले ते दाखविले. मानसशास्त्राच्या बाजूने जॉर्ज लोवेनस्टाइन यांची 1994 मधील उपपत्ती, की आपल्याला ठाऊक असलेले आणि ठाऊक नसलेले यांमधील दरी जाणवली की जिज्ञासा पेटते, या अभ्यासाला फार उपकारक आहे. कारण ती दरी जाणविण्यासाठी आधी काहीतरी ठाऊक व्हावे लागते, आणि ते 'काहीतरी' पुरविण्याचे काम संकेत करतात. प्रत्यक्ष कारागिरांतही पंथ आहेत. एक पंथ आघातांचा. दुसरा मार्क वूलन यांच्यासारख्यांचा, जो चित्रपटाच्या अंतरंगातूनच लय शोधतो. 2009 च्या 'अ सीरियस मॅन'च्या ट्रेलरमध्ये त्यांनी नायकाचे डोके फळ्यावर आपटण्याचा आवाज पुन्हा पुन्हा योजून त्यालाच ताल केले, आणि 2010 च्या 'द सोशल नेटवर्क'मध्ये समूहगानाच्या मंद स्वरांत एका संगणकप्रणालीच्या जन्मकथेला एकाकीपणाची छाया दिली.

भारतातील परंपरेचा मार्ग काहीसा निराळा आहे. फिल्म्स डिव्हिजनचे समाचारचित्र संपले की आगामी आकर्षणाची पाटी झळकत असे, हे आमच्या पिढीच्या प्रेक्षकांना सांगावयास नको. परंतु आपल्याकडे चित्रपटाची खरी दूत दीर्घकाळ गाणीच होती. 1967 मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्यानंतर चित्रपटांचे प्रायोजित कार्यक्रम ऐकू येऊ लागले, आणि अमीन सयानी यांच्यासारखे निवेदक गाण्याचा मुखडा, संवादाचा एक तुकडा आणि पुढे काय झाले हा प्रश्न यांच्या बळावर, एकही चित्र न दाखविता, श्रोत्यांना चित्रपटगृहाच्या दारापर्यंत आणीत. ध्वनीने ताण निर्माण करण्याची ही शाळा आपली स्वतःची आहे, आणि तिची नोंद कोणत्याही परदेशी इतिहासात सापडणार नाही.

मराठी प्रेक्षकाच्या निकटची दोन उदाहरणे येथे नमूद करणे अगत्याचे आहे. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' 2016 च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा अजय-अतुल यांची गाणी घरोघरी पोहोचली होती, आणि त्या गाण्यांनी प्रेमपटाचे सारे संकेत प्रेक्षकाच्या मनात पक्के केले होते. चित्रपटाने त्या संकेतांचे अखेरीस काय केले ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगणे नको, आणि ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना सांगणे पाप आहे; प्रसिद्धीने जे राखून ठेवले त्यावरच त्या शेवटाचे सामर्थ्य उभे होते, एवढे म्हणणे पुरे. राही अनिल बर्वे यांच्या 2018 च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाची प्रसिद्धी दुसऱ्या वाटेने गेली. कोकणातील न थांबणारा पाऊस, जुना वाडा आणि पिढ्यान्पिढ्यांचा लोभ यांच्या बळावर तिने परदेशी भयपटांचे उसने संकेत बाजूस सारले आणि आजीच्या गोष्टींत आपण जे भय ऐकले होते त्यालाच हाक मारली. संकेतांचे भांडवल केवळ चित्रपटांतून येते असे नव्हे, ते लोककथेतूनही येते, हे या उदाहरणाचे तात्पर्य आहे.

आजच या विषयाकडे का वळावे? पहिले कारण प्रामाणिकपणाचे आहे. 'फॅन' (2016) या चित्रपटाच्या प्रसिद्धीत झळकलेले गाणे प्रत्यक्ष चित्रपटात नव्हते, म्हणून महाराष्ट्रातील एका प्रेक्षकाने ग्राहक मंचाकडे दाद मागितली; राज्य आयोगाने नुकसानभरपाई देवविली, राष्ट्रीय आयोगाने तो निवाडा कायम केला, आणि अखेर 2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून, प्रसिद्धीचा ट्रेलर हा करार किंवा कराराचा प्रस्ताव होत नाही असा निर्णय दिला. अमेरिकेत मात्र 'यस्टरडे' या चित्रपटासंबंधीच्या दाव्यात एका न्यायालयाने 2022 मध्ये ट्रेलर ही व्यापारी जाहिरात असल्याचे मानले होते, जरी तो दावा शेवटपर्यंत टिकला नाही. कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर वचन नसेल. रसिकतेच्या दृष्टीने तो वचनच असतो, आणि ते वचन कथेतील घटनांविषयी नसून भावाविषयी असते. ज्या जातीची हुरहुर ट्रेलरने जागविली त्या जातीची तृप्ती चित्रपटाने द्यावी, एवढे मागण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील चित्रपटगृहचालकांच्या संघटनेने 2014 मध्ये ट्रेलर दोन मिनिटांपेक्षा लांबू नये अशी ऐच्छिक मर्यादा सुचविली, त्यामागील एक तक्रार अशी होती की ट्रेलर सगळी कथाच सांगून टाकतात. तेव्हापासून परिस्थिती बिकट झाली आहे. बोटाच्या एका हालचालीसरशी पडदा पालटणाऱ्या मोबाइलवर प्रेक्षक निसटू नये म्हणून ट्रेलरच्या अगोदर त्याचीच पाच सेकंदांची झलक जोडली जाते. संथ आरंभाला कोणी धजत नाही. आणि राखून ठेवण्याची जी शक्ती हा या कलेचा प्राण, तीच प्रथम बळी पडते. शिवाय चढता स्वर, तुटलेले वाक्य, काळा पडदा आणि आघात ही भाषा आता चित्रपटापुरती राहिलेली नाही. रात्रीच्या बातम्यांची पूर्वसूचना त्याच तालावर बांधलेली असते, निवडणुकीच्या प्रचारफिती तेच संकेत वापरतात, आणि ज्या साधनाने तळघरातील काल्पनिक भुताची धास्ती दिली जात होती त्याच साधनाने खऱ्या शेजाऱ्याची धास्ती देता येते. ज्याला हे साधन ओळखता येते तो त्याच्या अंमलाखाली सहजासहजी जात नाही. म्हणून ट्रेलरचे वाचन हे आज साक्षरतेचे अंग आहे असे मी मानतो.

प्रस्तुत ग्रंथ हा ट्रेलरचा समग्र इतिहास नव्हे, आणि ट्रेलर कसे करावेत याचे हस्तपुस्तकही नव्हे. भयपट, रहस्यपट, युद्धपट, प्रेमपट आणि विनोदपट या चित्रप्रकारांतील निवडक ट्रेलर घेऊन, त्यातील प्रत्येक कट कोठे आहे, त्या जागी ध्वनी काय करतो, कोणता संकेत जागा होतो आणि काय हेतुपुरस्सर दडवले जाते, याची बारकाईने तपासणी करावी, असे त्याचे धोरण आहे. पारिभाषिक शब्द शक्यतो धंद्यातील रूढ शब्दच ठेवले आहेत, कारण संकलनाच्या टेबलापाशी जे शब्द उच्चारले जातात त्यांतच त्या कामाचे ज्ञान साठलेले असते. चित्रपटाच्या विद्यार्थ्याला यातून साधने मिळतील, संकलकाला आपल्या कामाकडे अलिप्तपणे पाहता येईल, आणि ज्याला केवळ चित्रपट आवडतात अशा वाचकाला आपण कोठे, कशाने आणि का गुंतलो याचा उलगडा होईल, अशी अपेक्षा आहे.

वाचकाला विनंती एकच. या ग्रंथातील कोणतेही प्रकरण वाचण्यापूर्वी त्यात चर्चिलेला ट्रेलर एकदा सरळ पाहावा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावा आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून केवळ ऐकावा. मग आमचे विवेचन वाचावे, आणि जेथे ते आपल्या अनुभवाशी जुळणार नाही तेथे आपल्या अनुभवाला अधिक मान द्यावा.